सेंद्रिय माल, हायपोचा कॅन आणि तीन पाणी

कोरेगाव भागातल्या एका नव्या पॅकहाऊसमध्ये गेले होते. शेतकरी कंपनी, आलं आणि शेवग्याच्या पाल्याची पावडर, दोन्ही सेंद्रिय, दोन्ही अमेरिकेला धाडायचं ठरलेलं. धुण्याच्या टाकीशेजारी एक बारदान पसरलेलं होतं आणि त्याखाली काहीतरी उंच. उचलून बघितलं तर हायपोचा कॅन, म्हणजे जंतू मारायला पाण्यात घालतात ते क्लोरीनचं द्रावण. अध्यक्ष घाईघाईनं म्हणाले, "ताई, ते बाथरूमसाठी ठेवलंय." बाथरूम रस्त्यापलीकडे होतं.

तो कॅन लपवायची काही गरजच नव्हती. हायपो म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट, आणि ते अमेरिकेच्या सेंद्रिय नियमांत नाव घेऊन मान्य केलेलं आहे. चूक वेगळीच होती: त्याची नोंद कुठेही नव्हती, लेबल अर्धं फाटलेलं होतं आणि टाकीत किती घालता असं विचारल्यावर पोऱ्यानं "एक मग" असं सांगितलं. ऑडिटरसमोर मान्य पदार्थ लपवून ठेवणं हे अमान्य पदार्थ वापरण्याइतकंच महागात पडतं, कारण लपवलं की पुढच्या प्रत्येक कागदावर संशय येतो.

"सेंद्रिय म्हणजे केमिकल नाही" हे वाक्य आपण इतक्या वेळा ऐकलंय आणि पिशव्यांवर छापलंय, की शेडमध्ये क्लोरीनचा वास आला तरी लोकांना अपराधी वाटतं. नव्यानं या कामात येणाऱ्यांसाठी हे लिहितेय. आधी हिशेब समजून घ्या, मग कॅन उघड्यावर ठेवा.

माल कुठे जाणार, ते आधी ठरवा

"सेंद्रियला क्लोरीन चालतं का?" या प्रश्नाला एकच उत्तर नाही, कारण नियम माल पिकतो तिथला नसतो, तो विकला जातो तिथला असतो. देशात विकायचा सेंद्रिय माल एनपीओपी (आपला राष्ट्रीय सेंद्रिय कार्यक्रम) किंवा पीजीएस-इंडियाखाली (शेतकरी गटांनी एकमेकांची तपासणी करायची पद्धत) येतो आणि वर एफएसएसएआयचे, म्हणजे अन्न सुरक्षा प्राधिकरणाचे नियम असतात. युरोपचा सेंद्रिय कायदा २०१८/८४८ या क्रमांकाचा, तो १ जानेवारी २०२२ पासून लागू आहे. अमेरिकेचा तो एनओपी, म्हणजे तिथल्या कृषी खात्याचा नॅशनल ऑरगॅनिक प्रोग्राम.

जुन्या मंडळींच्या डोक्यात अजून बसलंय की अपेडाच्या (शेतमाल निर्यातीचं सरकारी प्राधिकरण) एनपीओपी प्रमाणपत्रावर अमेरिकेला माल जातो. एके काळी जायचा. जानेवारी २०२१ मध्ये अमेरिकेनं भारताबरोबरची ती व्यवस्था बंद केली, दीड वर्षाची मुदत दिली आणि ती मुदत जुलै २०२२ मध्ये संपली. तेव्हापासून थेट एनओपीचं सर्टिफिकेट लागतं, आणि मार्च २०२४ पासून सेंद्रिय मालाच्या खेपेसोबत एनओपीचं आयात प्रमाणपत्रही. म्हणजे वॉशिंग्टनमध्ये लिहिलेली क्लोरीनची चार वाक्यं आज साताऱ्याच्या शेडमधल्या टाकीला जशीच्या तशी लागू होतात. म्हणून पुढचा बराचसा भाग एनओपीबद्दल आहे. युरोपचं आणि आपलं शेवटी सांगते.

कॅनवरचं नाव वाचा, ब्रँड नाही

एनओपीच्या राष्ट्रीय यादीत क्लोरीनचे पदार्थ म्हणून चार नावं येतात: सोडियम हायपोक्लोराइट (आपला हायपो), कॅल्शियम हायपोक्लोराइट, क्लोरीन डायऑक्साइड, आणि मिठाच्या पाण्यातून वीज सोडून तयार केलेलं हायपोक्लोरस ॲसिड. शेवटचं नाव २०१९ मध्ये यादीत आलं. त्यासाठी मशीन बसवावं लागतं, पण कॅन साठवायची कटकट जाते. याशिवाय ॲसिडिफाइड सोडियम क्लोराइट नावाची एक वेगळी नोंद आहे, तीही फक्त सायट्रिक ॲसिड वापरून केलेल्या द्रावणासाठी. लहान युनिटनं तिच्या नादी लागू नये.

आता न चालणाऱ्या गोष्टी. इथंच बहुतेक जण अडकतात.

पाण्यात टाकली की फसफसून विरघळणारी क्लोरीनची गोळी आपल्याकडे हॉटेलांपासून डेअऱ्यांपर्यंत सगळीकडे वापरतात. सोयीची आहे, मोजायला सोपी आहे. पण तिच्यात बहुधा सोडियम डायक्लोरोआयसोसायन्युरेट असतं, आणि ते नाव एनओपीच्या यादीत नाही. पोहण्याच्या तलावाच्या गोळ्यांचंही तेच. "क्लोरीनच आहे की" हे उत्तर ऑडिटर ऐकून घेत नाही. त्याच्याकडे यादी असते आणि यादीत नाव एक तर असतं किंवा नसतं.

किराणा दुकानातलं सुगंधी ब्लीच, घट्ट केलेलं ब्लीच, रंग टाकलेलं फ्लोअर क्लीनर यांना शेडच्या उंबऱ्याच्या आत घेऊ नका. मूळ घटक मान्य असला तरी त्यातला सुगंध आणि साबण मान्य नसतो.

खरेदी करताना पुरवठादाराकडून तीन कागद घ्या: पूर्ण लेबलचा स्पष्ट फोटो, सुरक्षितता पत्रक आणि सगळ्या घटकांची यादी. ते सर्टिफिकेशनवाल्यांना मेल करा आणि "वापरायला हरकत नाही" असं लेखी उत्तर येईपर्यंत कॅनचं झाकण उघडू नका. ओमरी या सेंद्रियला चालणारी उत्पादनं तपासणाऱ्या अमेरिकी संस्थेच्या यादीत असलेलं उत्पादन मिळालं तर हे काम सोपं होतं, पण ते सक्तीचं नाही. पुढे पुरवठादार बदलला की हे सगळं पुन्हा पहिल्यापासून.

तीन पाणी

मी शिकवताना नियमाचं कलम वाचून दाखवत नाही. शेडमध्ये उभी राहून विचारते, "हे पाणी कशाला लागतंय?" उत्तरं तीनच येतात, आणि क्लोरीनचा नियमही त्याच तीन भागांत विभागलेला आहे.

पहिलं पाणी यंत्राला लागतं. टेबल, क्रेट, सुऱ्या, कन्व्हेयर, फरशी. इथं लेबलवर लिहिलेल्या कमाल प्रमाणापर्यंत क्लोरीन वापरता येतं. अमेरिकेत अन्नाला लागणाऱ्या पृष्ठभागावर न विसळता वापरायची मर्यादा २०० पीपीएम उपलब्ध क्लोरीनची आहे. पीपीएम म्हणजे लिटरला एक मिलिग्रॅम, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे. २०० च्या वर गेलात तर पिण्यायोग्य पाण्यानं विसळून घ्यायचं. आणि आधी घाण काढायची, मग साबण, मग साधं पाणी, मग क्लोरीन. मातीनं भरलेल्या क्रेटवर थेट हायपो ओतणं म्हणजे माती निर्जंतुक करायचा प्रयत्न, तो खर्च तुम्हाला परवडणार नाही.

दुसरं पाणी मालाला लागतं. आल्याचं वॉशिंग, पाल्याची धुलाई. अमेरिकेच्या अन्न किंवा पर्यावरण खात्यानं त्या कामासाठी मान्य केलेल्या प्रमाणात क्लोरीन घालता येतं, अट एवढीच की त्यानंतर माल पिण्यायोग्य पाण्यानं विसळला पाहिजे, आणि त्या विसळण्याच्या पाण्यात क्लोरीन ४ पीपीएम किंवा त्याहून कमी असलं पाहिजे. ही ४ पीपीएमची मर्यादा तिथल्या पिण्याच्या पाण्याच्या कायद्यातून घेतलेली आहे. क्लोरीन डायऑक्साइडला तीच मर्यादा ०.८ आहे. ज्यांनी क्लोरीन डायऑक्साइड घेतलंय त्यांनी ४ चा आकडा विसरून जावा.

तिसरं पाणी मालातच जातं. लोणचं, पल्प, चटणी, रस यांत घटक म्हणून घालायचं पाणी. तिथं थेट ४ पीपीएमची मर्यादा, विसळण्याचा प्रश्नच नाही.

ऐकायला सोपं वाटतं. तरीही दुसऱ्या पाण्याबद्दल जितका गोंधळ मी पाहिलाय तितका कशाबद्दल पाहिला नाही. "चार पीपीएम" हा आकडा लोकांनी मंत्रासारखा पाठ केलाय आणि तो भलत्याच टाकीला लावलाय. हा घोळ फक्त आपला नाही. अमेरिकेत २००२ मध्ये नियम लागू झाल्यापासून कित्येक वर्षं ४ पीपीएम धुण्याच्या पाण्याला लावायचे की विसळण्याच्या, यावर सर्टिफिकेशनवाल्यांतच मतभेद होते. २०११ मध्ये एनओपीनं मार्गदर्शक सूचना काढून सांगितलं की ती मर्यादा शेवटच्या पाण्याची आहे.

धुण्याच्या टाकीत ४ पीपीएम ठेवून "आम्ही एकदम सेंद्रिय" असं म्हणणारे मला भेटतात. त्यांच्या टाकीत पहिला क्रेट पडला की मातीच ते सगळं क्लोरीन खाऊन टाकते. पाचव्या क्रेटला टाकीत उरतं ते आल्याचं गढूळ सूप. एका गड्ड्यावर जनावराच्या शेणातून आलेला जंतू असेल तर तो त्या सुपातून पन्नास गड्ड्यांवर जातो. मुद्दा नीट समजून घ्या: धुण्याच्या टाकीतलं क्लोरीन मालावरचे सगळे जंतू मारत नाही, तेवढी त्याची ताकदच नाही. टाकीतलं पाणी रोग वाहून नेणारं होऊ नये, यासाठी ते असतं. म्हणून टाकीत ते सतत शिल्लक राहिलं पाहिजे. व्यवहारात ५० ते २०० पीपीएम, एक ते दोन मिनिटं, आणि मग दुसऱ्या टाकीत किंवा शॉवरखाली विसळणं. अमेरिकेत ताज्या भाजीपाल्यासाठी सांगितलं जाणारं प्रमाणही हेच.

विसळण्याचं पाणी शून्य क्लोरीनचं असावं असं नियम म्हणत नाही. ४ किंवा कमी, एवढंच. विहिरीचं किंवा बोअरचं कच्चं पाणी शेवटी मारलं तर धुऊन काढलेलं सगळं परत लावून दिल्यासारखं होतं. शेवटच्या पाण्यात ०.५ ते १ पीपीएम ठेवा. आपल्या पिण्याच्या पाण्याच्या आयएस १०५०० मानकात मुक्त क्लोरीन किमान ०.२ सांगितलंय, त्या हिशेबातही ते बसतं. आणि अमेरिकेच्या फळभाजी सुरक्षा नियमाप्रमाणे काढणीनंतर मालाला लागणाऱ्या पाण्याच्या १०० मिलिलिटरमध्ये ई. कोलाय सापडता कामा नये. त्याचा लॅब रिपोर्ट हाताशी ठेवा.

शेतातलं पाणीही विसरू नका

पॅकहाऊसवाल्यांचं इकडे लक्ष नसतं, पण गटातले शेतकरी ड्रिपला क्लोरीन ट्रीटमेंट करतातच. नळ्यांमध्ये शेवाळ धरलं की दुसरा उपाय सुचत नाही. काढणीआधी पिकाला थेट लागणारं पाणी आणि ड्रिप साफ करून जमिनीत जाणारं पाणी, दोन्हींत क्लोरीन ४ पीपीएमच्या वर नको, असं एनओपी सांगतो. ड्रिपची ट्रीटमेंट मात्र त्याच्या कितीतरी पट तीव्र असते. मग करायचं काय? लॅटरलची, म्हणजे पिकाच्या ओळीतल्या नळ्यांची टोकं उघडी करून ते पाणी सेंद्रिय प्लॉटच्या बाहेर काढायचं, साध्या पाण्यानं फ्लश करायचं, चाचणीत ४ च्या खाली दिसलं की मगच टोकं बंद. आणि ही तारीख शेतकऱ्याच्या डायरीत हवी. ॲसिड ट्रीटमेंट करायची असेल तर कोणतं ॲसिड ते सर्टिफिकेशनवाल्यांना वेगळं विचारा, आणि ॲसिड आणि क्लोरीन एकाच दिवशी एकाच टाकीतून कधीही सोडू नका. का ते पुढे येतंच.

मोड आलेली कडधान्यं विकणाऱ्यांना इथं सवलत आहे, तिथं लेबलवरच्या सूचनेप्रमाणे ४ च्या वर जाता येतं. उबदार, ओल्या बरणीत मोडांबरोबर जंतूही वाढतात, म्हणून ती सवलत.

द्रावण करायचं कसं

पाठ करण्यासारखी एकच ओळ: शंभर लिटर पाण्यात दहा टक्क्यांच्या हायपोचा एक मिलिलिटर म्हणजे एक पीपीएम. बाकी सगळं गुणाकार.

१०० लिटरच्या टाकीत १०० पीपीएम हवं असेल तर १०० मिलि. क्रेटसाठी २०० पीपीएम हवं तर २०० मिलि. हजार लिटरच्या विसळण्याच्या टाकीत १ पीपीएम ठेवायचं तर फक्त १० मिलि, म्हणजे दोन छोटे चमचे. "एक मग" म्हणजे काय होतं ते आता तुमचं तुम्हीच मोजा.

पाच टक्क्यांचा हायपो असेल तर माप दुप्पट. पण कॅनवर दहा लिहिलंय म्हणजे आत दहा आहे असं समजू नका. हायपो उन्हात आणि उष्णतेत भराभर मरतो. मार्च-एप्रिलात पत्र्याच्या शेडमध्ये ठेवलेला कॅन महिन्याभरात कितीतरी उतरलेला असतो. म्हणून लहान कॅन घ्या, सावलीत ठेवा, कॅनवर आल्याची आणि उघडल्याची तारीख मार्करनं लिहा, आणि माप टाकल्यावर चाचणीपट्टीनं खात्री करा. जुना हायपो नुसता कमजोर होत नाही, त्यातून क्लोरेट तयार होतं. युरोपला माल पाठवणाऱ्यांसाठी हा शब्द महत्त्वाचा आहे.

टीसीएल पावडर म्हणजे ग्रामपंचायतीत जलसुरक्षक टाकीत टाकतो ती ब्लीचिंग पावडर. ताज्या पावडरीत साधारण ३० ते ३५ टक्के क्लोरीन असतं. १०० लिटरला १०० पीपीएमसाठी अंदाजे ३० ग्रॅम. पावडर थेट टाकीत झोकू नका. प्लॅस्टिकच्या बादलीत थोड्या पाण्यात कालवा, अर्धा तास निवळू द्या, वरचं नितळ पाणी घ्या आणि खालचा चुना टाकून द्या. चुना मालावर पांढरा थर सोडतो आणि पाण्याचा सामू (पीएच) वर नेतो. मला विचाराल तर धुण्याच्या टाकीला टीसीएल नको. स्वस्त आहे, पण त्रास जास्त. ग्रामपंचायतीकडून उचलून आणलेल्या पोत्याचं बिल आणि लेबलही नसतं.

मिसळताना हातमोजे आणि गॉगल. आधी पाणी, मग हायपो. आणि बाथरूम साफ करायचं ॲसिड किंवा अमोनियाचं कुठलंही क्लीनर त्याच बादलीत पडता कामा नये. ॲसिड पडलं की क्लोरीनचा वायू सुटतो, बंद खोलीत माणूस गुदमरतो. शेडमधल्या बायकांना हे तोंडी सांगून भागत नाही. क्लोरीनच्या बादल्यांना एक रंग, ॲसिडच्या बादल्यांना दुसरा, आणि दोन्ही वेगळ्या कपाटांत.

सामू आणि माती, हे दोन शत्रू

१०० पीपीएम टाकलं म्हणजे १०० काम करतंय असं नसतं. पाण्यातलं क्लोरीन दोन रूपांत असतं, एक जंतू मारणारं आणि एक आळशी. कोणतं किती, ते सामू ठरवतो. सामू ७.५ च्या आसपास दोन्ही निम्मे निम्मे. सामू ६.५ ला नव्वद टक्क्यांच्या आसपास कामाचं रूप. ८.५ ला गेलात तर कामाचं उरतं जेमतेम दहा टक्के. आपल्याकडची बरीच बोअरची पाणी मुळातच जड असतात, त्यात हायपो स्वतः अल्कधर्मी. टाकीचा सामू ८ च्या वर जाऊन बसतो आणि पोऱ्या पट्टीवर १०० बघून निश्चिंत असतो.

सामू ६.५ ते ७.५ ठेवा. त्यासाठी सायट्रिक ॲसिड थोडं थोडं, आणि तेही सर्टिफिकेशनच्या आराखड्यात लिहून. एकदम ओतू नका. सामू ५ च्या खाली घसरू लागला की वायूचा धोका वाढत जातो.

माती, पानं, साली क्लोरीन खातात. म्हणून आलं आधी साध्या पाण्याच्या फवाऱ्याखाली मोकळं करून घ्या, चिखल तिथेच सोडा, मग टाकीत. पाणी गढूळ झालं की वरून हायपो ओतत राहण्यापेक्षा पाणी बदला. आमच्याकडे एक भाबडा पण चांगला नियम आहे: टाकीच्या तळाशी ठेवलेली पांढरी बशी दिसेनाशी झाली की पाणी सोडायचं.

टोमॅटोसारखं फळ धुताना आणखी एक गोष्ट बघा. उन्हातून आलेलं गरम फळ थंड पाण्यात टाकलं की ते देठाच्या जागेतून पाणी आत ओढतं, जंतूंसकट. पाणी फळाच्या गाभ्यापेक्षा पाच-सहा अंश गरम असावं, नाहीतर फळ आधी सावलीत निवू द्यावं.

मोजायचं कशानं

गावात ओटी टेस्ट माहीत असते: थेंब टाकला, पिवळं झालं, क्लोरीन आहे. पिण्याच्या टाकीपुरतं ते ठीक, इथं ते पुरत नाही. ओटीत मुक्त क्लोरीन आणि घाणीशी बांधलं गेलेलं क्लोरीन वेगळं कळत नाही, आणि ऑर्थोटोलिडिन आरोग्याला चांगलं नाही म्हणून अनेक प्रयोगशाळांनी ते सोडूनच दिलंय. डीपीडी किट घ्या, गुलाबी रंग देणारं. ते विसळण्याच्या पाण्यासाठी. धुण्याच्या टाकीसाठी ० ते २०० किंवा ३०० पीपीएमच्या पट्ट्या वेगळ्या.

हे दोन अदलाबदल करू नका. डीपीडीचा एक खोडसाळपणा आहे: क्लोरीन फार जास्त असेल तर गुलाबी रंग येतो आणि क्षणात उडून जातो, पाणी पुन्हा पांढरं. बघणारा लिहितो "शून्य", आणि आणखी एक मग ओततो. १०० पीपीएमचं पाणी डीपीडीनं मोजायचंच असेल तर साध्या, क्लोरीन नसलेल्या पाण्यानं नेमकं पन्नास पट पातळ करा आणि आकडा पन्नासनं गुणा.

किती वेळा मोजायचं? टाकी भरल्यावर, काम सुरू झाल्यावर दर अर्ध्या तासानं, आणि पाणी बदलल्यावर लगेच. विसळण्याचं पाणी माल बाहेर पडतो त्या शेवटच्या टोकाला मोजा, टाकीच्या नळाला नाही. वरच्या टाकीतून क्लोरीनचं पाणी चुकून विसळण्याच्या ओळीत मिसळतंय का, ते तिथंच कळतं.

कागद

एनओपीत सगळं ओएसपीवर चालतं, म्हणजे तुमच्या ऑरगॅनिक सिस्टिम प्लॅनवर. त्यात क्लोरीनबद्दल लिहा: कोणता पदार्थ, कुणाकडून, कुठल्या टाकीत, किती प्रमाणात, सामू किती, विसळता कसं, मोजता कशानं, मोजमाप चुकलं तर मालाचं काय करता. हे शेवटचं वाक्य बहुतेक जण गाळतात आणि ऑडिटर नेमकं तेच विचारतो. उत्तर साधं असावं: ४ च्या वर आलं तर तो क्रेट पुन्हा विसळायचा, पुन्हा मोजायचं, दोन्ही आकडे लिहायचे.

रजिस्टरची एक ओळ अशी दिसावी: तारीख, वेळ ८.१०, टाकी दोन, सामू ७.०, धुण्याचं पाणी ९०, विसळण्याचं ०.८, आलं, लॉट क्रमांक, सही. सगळ्या ओळींत हाच आकडा असेल तर ऑडिटर हसतो. खऱ्या टाकीत आकडे हलतात. ९०, ७०, ५५, मग पाणी बदललं, ९५. खोडलं तर एक रेघ मारून शेजारी सही करा, व्हाइटनर नको. ही रजिस्टरं पाच वर्षं सांभाळायची. हायपोची बिलं रजिस्टरशी जुळली पाहिजेत: महिन्याला साठ लिटर घेतलं आणि नोंदीत पाच लिटरचाच वापर दिसला, तर बाकीचं कुठं गेलं हा प्रश्न येणारच.

एकाच शेडमध्ये सेंद्रिय आणि साधा माल असेल तर सेंद्रिय माल सकाळी पहिला घ्या, टाकी ताजी भरून. क्वॅट (क्वाटर्नरी अमोनियम) प्रकारचं सॅनिटायझर साध्या मालासाठी वापरत असाल तर सेंद्रियच्या आधी ते पूर्ण विसळलंय, काहीही उरलेलं नाही, हे चाचणीपट्टीनं दाखवता आलं पाहिजे. क्वॅट एनओपीच्या यादीत नाही.

युरोप आणि आपला बाजार

युरोपला क्लोरीनचं वावडं जुनं आहे. १९९७ पासून त्यांनी क्लोरीननं धुतलेली कोंबडी बंद केली आणि त्यावरून अमेरिकेशी अजून भांडण चालू आहे. भाजीपाल्यात मात्र खरी अडचण क्लोरेटची. सोडियम क्लोरेट पूर्वी तणनाशक होतं, युरोपनं ते बंद केलं, आणि मग ते सापडलं की कीडनाशकाचा अंश म्हणून मोजू लागले. २०२० मध्ये ७४९ क्रमांकाच्या नियमानं पिकागणिक वेगवेगळ्या मर्यादा ठरवल्या. त्यामुळे तुम्ही तणनाशक डोळ्यांनी पाहिलं नसलं तरी जुन्या हायपोमुळे लॅब रिपोर्टवर क्लोरेट येऊ शकतं. पाल्याची पावडर करणाऱ्यांना धोका जास्त, कारण पाण्याबरोबर क्लोरेट उडून जात नाही. पाला वाळला की ते त्यातच घट्ट होऊन बसतं. युरोपसाठी मी पेरासिटिक ॲसिड हे क्लोरीन नसलेलं जंतुनाशक सुचवते. ते एनओपीच्या यादीतही आहे आणि त्यातून क्लोरेट होत नाही. महाग आहे, वास डोक्यात जातो, हाताला भाजतं. तरी खेप परत येण्यापेक्षा स्वस्त. आयातदाराला आधी लेखी विचारा, कारण काही खरेदीदार नियमापेक्षा कडक असतात.

देशात विकताना एफएसएसएआयच्या परिशिष्ट ४ प्रमाणे स्वच्छता आणि पिण्यायोग्य पाणी ही मूळ अट. सेंद्रियसाठी २०१७ चे नियम आणि जैविक भारतचं चिन्ह. एनपीओपीची आठवी आवृत्ती जानेवारी २०२५ मध्ये आली, जुन्या आवृत्तीच्या झेरॉक्सवर काम करत असाल तर ती फेकून द्या आणि नवी उतरवून घ्या. साफसफाईच्या पदार्थांबद्दल तुमच्या सर्टिफिकेशन बॉडीचं उत्तर लेखी घ्या, फोनवर मिळालेलं "चालतंय हो" फाइलला लावता येत नाही.

दिवस संपल्यावर टाकीतलं पाणी

संध्याकाळी टाकी सोडताना ते पाणी जवळच्या सेंद्रिय प्लॉटात जातंय का, ते बघा. बऱ्याच शेडमध्ये नाली थेट बांधाकडे काढलेली असते. पाणी उघड्या खड्ड्यात एक दिवस उन्हात राहू द्या, क्लोरीन बहुतेक उडून जातं. दुसऱ्या दिवशी डीपीडीनं मोजा, ४ च्या खाली असेल तर सोडा, आणि तो आकडाही रजिस्टरात चढवा. खड्ड्याला कुंपण घाला, जनावरं पाणी प्यायला येतात.